लिंबावर चालणारी मोटार

आमच्या मामाची मोटार बोलायची, आणि सगळ्या गावात तिची भाषा दोघांनाच येत होती. एक चाचा, म्हणजे तिचे ड्रायव्हर, आणि दुसरा मी. फरक एवढाच की चाचांना ती समजायची आणि मला नुसती बोलता यायची.

मला तवा कशाचीबी नक्कल यायची. मॅट्रिक होऊन मी मामाकडं धाराशिवला येऊन पडलो होतो. कागदावर उस्मानाबाद, घरात धाराशिव. कामधंदा काही न्हाय. दिवसभर कोर्टात मामाची फायलींची पिशवी धरायची आणि संध्याकाळी घरी येऊन मामींना सगळं कोर्ट करून दाखवायचं. पुकारा करणारा शिपाई, बिडी लपवणारा कारकून, फिर्यादीच्या म्हाताऱ्याचा खोकला. मामा घरात असला की मी मामाची नक्कल करत नसे. मामा बाहेर गेला की मामीच म्हणायच्या, आता त्यांचं होऊ दे.

मामाची वकिली निजामाच्या राज्यात उर्दूत पिकलेली. निजाम गेला, कोर्टात मराठी आली, इंग्रजी आली, पण मामाचं डोकं मुद्दई, मुद्दालेह आणि मुलजिम, म्हणजे वादी, प्रतिवादी आणि आरोपी, यांच्यातच बसून राहिलं. घरात वरणात मीठ कमी पडलं तरी मामा आधी मामींची कैफियत घ्यायचा, मग भाताला हात लावायचा. अशा माणसानं मोटार घेतली. एक जहागीरदार हैदराबादेला कायमचे राहायला चालले होते, त्यांची. लहान, गोलमटोल, इंग्रजी बनावटीची, बेडूक बसल्यासारखी दिसायची. मोटारीबरोबर चाचाबी आले. जहागीरदारांनी त्यांना हैदराबादेला चला म्हणलं होतं, पण तिथं मोठी गाडी होती आणि तिला दुसरा ड्रायव्हर होता. चाचा म्हणले, मी हिच्यासंगं जातो.

चाचा म्हणजे उंच, वाळके, मेंदी लावलेली दाढी. त्यांच्या घरात बापापासून सगळे टांगेवाले. मोटारीवर बसलेले तेवढे हेच. भाऊ अजून बाजारात टांगा हाकायचा. चाचा मोटारीतून जाताना भावाच्या घोड्याकडं बघून मान हलवायचे, भावाकडं न्हाय.

रोज सकाळी मोटार काढायच्या आधी त्यांचा एक रिवाज होता. त्या मोटारीत टाकीतलं पेट्रोल ओढायला विजेवर चालणारा पंप होता. बोनेट उघडलं की इंजिनाच्या मागं जी लोखंडी भिंत असते, तिच्यावर मुठीएवढा पंप बसवलेला. चावी फिरवली की तो टिक टिक टिक करत पेट्रोल प्यायचा आणि पोट भरलं की गप बसायचा. चाचा चावी फिरवायचे आणि एक बोट वर धरायचे. ते बोट वर गेलं की अंगणातल्या सगळ्यांनी गप राहायचं. मामानंबी. टिकटिक सुरू व्हायची, जरा मंद व्हायची, थांबायची. मग चाचा बोट खाली घेऊन म्हणायचे, "पी ली." त्यानंतरच इंजिन सुरू करायचे.

ही टिकटिक मी जीभ टाळूला लावून अशी काढायचो की अंगणातली मांजर बोनेटकडं बघायची. चाचा सुरुवातीला चिडायचे. एकदा चावी फिरवायच्या आधीच मी मागं उभा राहून वाजवली. ते बिनचावीची मोटार वाजतीय म्हणून पार खाली वाकून बघत राहिले. तवापासून माझं नाव नकल्या पडलं.

मोटार घेतल्यावर पहिल्याच मंगळवारी आम्ही तिला तुळजापूरला आईच्या पायांवर घालायला नेली. आमचे पिढीजात पुजारी महाद्वाराजवळ वाट बघत उभे होते. त्यांनी आतापर्यंत बैलगाड्या पुजल्या होत्या, लग्नातली घोडी पुजली होती, एका गुत्तेदाराचा, म्हणजे ठेकेदाराचा, ट्रकबी पुजला होता. पण वकिलाची मोटार पहिलीच. त्यांनी बंपरला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवला, नारळ फोडला. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं न्हाय. त्यांनी मामाला विचारलं, "वकीलसाहेब, हिचा जीव कुठं असतो?"

मामाला हे ठाऊक नव्हतं, पण वकिलानं माहीत न्हाय म्हणायचं नसतं. म्हणून त्यानं चाचांकडं बघितलं, जसं कोर्टात कारकुनाकडं बघायचा. चाचांनी बोनेट उघडलं आणि चावी फिरवली. पंप बोलायला लागला. पुजाऱ्यांनी त्याच्यावर हात ठेवला. हाताखाली धडधड लागली, तसे त्यांचे डोळे मोठे झाले. ते म्हणले, हाच जीव.

झालं. तेलात कालवलेलं हळदकुंकू पंपाला फासलं. एक लिंबू चिरून त्याचा रस पंपावर आणि आजूबाजूला पिळला. आणि दुसरा लिंबू, सात मिरच्या, सगळं पंपालाच बांधायचं ठरलं. दोरा इंजिनाच्या धगीनं जळेल असं चाचा म्हणले, म्हणून फुलवाल्याकडून बारीक तार आणली. तार अडकवायला पंपाच्या पायापाशी एकच स्क्रू वर आलेला होता. त्या स्क्रूखाली एक काळी वायर आधीपासून दाबलेली होती. पुजाऱ्यांनी तार तिच्यावरच गुंडाळली. त्यांची बांधायची एक तऱ्हा होती. पोट आत, नाकातून एक सूं, तारेला उजवीकडं तीन पीळ आणि शेवटी धोतराची गाठ आवळल्यासारखा एक झटका. झटक्याबरोबर "आई राजा उदो उदो". मी तिथंच ठरवलं की हे आज घरी गेल्यावर मामींना करून दाखवायचं.

पुढं काही आठवडे बरे गेले. आणि एके दिवशी कोर्टाला निघालो तर बाजारात, बरोबर भावाच्या टांग्यासमोर, मोटार गप्प झाली. चाचांनी चावी फिरवली, बोट वर केलं. सगळा बाजार गप्प झाला. पंपबी गप्प.

चाचांना आपलं काम येत होतं. त्यांनी पंपाच्या डोक्यावरची वायर सोडली आणि तिचं टोक मोटारीच्या लोखंडाला टेकवलं. ठिणगी उडाली. म्हणजे बॅटरीतला करंट पंपापर्यंत येत होता. करंट येतोय आणि पंप चालत न्हाय, म्हणजे पंप मेला. त्यांनी पंप सोडवला, फडक्यात गुंडाळला आणि एस्टीनं सोलापूरला मिस्त्रीकडं घेऊन गेले. मिस्त्रीनं तो आपल्या बाकड्यावर ठेवून आपल्या बॅटरीला जोडला. पंप लगेच टिकटिक करायला लागला. मिस्त्री चाचांना म्हणला, पंप चांगला हाय, डोकं तपासून घ्या.

चाचा परत आले, पंप जागेवर बसवला, लिंबाची तार होती तशी परत गुंडाळली, मोटार चालू झाली. आठ-पंधरा दिवसांनी परत बंद. करंट चांगला, पंप चांगला, आणि दोघं एकत्र आले की बोलणं बंद. आमच्या गल्लीत असली दोन-तीन जोडपी होती, म्हणून लोकांना यात काही नवल वाटलं न्हाय.

मोटार दारात बंद पडली की निदान करायला अख्खी गल्ली यायची. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणला, पोटात गॅस झालाय. शाळेतले विज्ञानाचे मास्तर म्हणले, पेट्रोलात रॉकेल हाय, आणि वास घेऊन बघता बघता त्यांनी धोतराला पेट्रोल लावून घेतलं. पोस्टातले तारमास्तर रोज बघून जायचे आणि रोज तेच म्हणायचे, तार गेली, पोच आली न्हाय. त्यांना सगळ्याच गोष्टीत तारा दिसायच्या, म्हणून कुणी लक्ष दिलं न्हाय. मला मात्र सगळेजण ढकलायला लावायचे. इंजिनाला पेट्रोलच मिळत नसल्यावर ढकलून काय उपयोग, असं चाचा सांगायचे. पण ढकलताना लोकांना आपण काहीतरी करतोय असं वाटतं, आणि मामाला आत बसून राहायला कारण मिळतं.

शेवटी निदान मामींनी केलं. त्यांनी बोनेटमध्ये वाकून बघितलं आणि म्हणल्या, लिंबू वाळलाय की. त्यांनी ताजा लिंबू आणला, जुना काढला, माझ्या नकलेत बघितलेले पुजाऱ्यांचे तीन पीळ दिले, झटका दिला, उदो म्हणल्या. चावी चालूच होती. पंप टिक टिक टिक.

मग काय विचारता. पुढच्या बारीला परत तसंच झालं. मोटार बंद, ताजा लिंबू, पीळ, झटका, मोटार चालू. एकदा न्हाय, दर बारीला. असला पुरावा मामाला उभ्या जन्मात एका केसमध्ये मिळाला नव्हता. पुजाऱ्यांना निरोप गेला, त्यांनी उलट निरोप दिला की रस थोडा जास्त पिळत चला. आम्ही जास्त पिळायला लागलो. मोटार जास्त बंद पडायला लागली. तसा आमचा विश्वास आणखी बसला, कारण लिंबाची गरज किती हाय ते दिसायलाच लागलं. लोक मोटारीत जादा चाक ठेवतात. आम्ही चाकाशेजारी लिंबाची पिशवी ठेवायला लागलो. बाजारातली माळीण मामींना विचारायची, मोटारीचे देऊ का घरचे.

चाचा यातलं काही बोलायचे न्हाय. एकतर ते आमच्या देवाचं. त्यात लिंबू लावला की पंप चालायचा, हे त्यांनीबी डोळ्यानं बघितलेलं. पण ते मनातून खचत चालले होते. संध्याकाळी मोटार पुसून झाली की पायरीवर बसायचे आणि मला म्हणायचे, "नकल्या, जरा वाजव. चांगली असताना वाजायची तशी." मी टिकटिक काढायचो, आधी जलद, मग मंद, मग बंद. चाचा डोळे मिटून ऐकायचे. थांबलो की हळूच म्हणायचे, "पी ली."

अशात बार रूममध्ये कुणीतरी मामाला विचारलं की तुमची मोटार एका लिंबात किती मैल जाते. मामा घरी आला. चहा घेतला न्हाय. अंगणात खुर्ची टाकली आणि चाचांना समोर उभं केलं. मला वाटलं, आता मोटारीची चौकशी हाय. चौकशी चाचांची निघाली.

"पंप चांगला हाय, हे मिस्त्री म्हणला. कबूल?"

"कबूल, साहेब."

"करंट पंपापर्यंत येतो, ठिणगी तुम्हीच दाखवली. कबूल?"

"कबूल."

"आणि मोटार असते कुणाच्या हातात?"

चाचांनी आपल्या हाताकडं बघितलं. "माझ्या."

मामा म्हणला, बस्स. आणि मग फैसला सांगितला. पुढच्या आठवड्यात हैदराबादेचे जज्जसाहेब आईच्या दर्शनाला येणार होते. आता ते पेन्शनीत निघाले होते, पण मामानं त्यांच्यापुढं जवानीत वकिली केलेली. ते रेल्वेनं सोलापूरला उतरणार, तिथून आमच्या मोटारीनं घाट चढून तुळजापूरला. वाटेत मोटार बंद पडली तर चाचांनी चाव्या तिथंच मामाच्या हातात ठेवायच्या. सडकेचा रोलर चालवणारा एक जवान पोरगा मामानं बघूनबी ठेवला होता.

चाचा हो म्हणले. त्या संध्याकाळी पायरीवर बसले, पण मला वाजव म्हणले न्हाय. एवढंच म्हणले की भावाचा घोडा आता म्हातारा झालाय, भाऊ दुसरा घेणार हाय, म्हणजे जुना टांगा रिकामाच पडेल. मला चेष्टा सुचली होती, ती मी गिळली.

जज्जसाहेब येणार त्या दिवशी सकाळी निघताना मामींनी लिंबाची भरलेली पिशवी मोटारीत ठेवली. मामानं ती उचलून परत ओट्यावर ठेवली. जज्जसाहेब विलायतेत शिकून आलेले, त्यांच्यापुढं लिंबू दिसता कामा न्हाय. मामी म्हणल्या, वाटेत लागला तर? मामा म्हणला, लागणार न्हाय. एवढा भरवसा होता तर चाचांच्या चाव्यांची अट कशाला घातली, असं मी विचारणार होतो, पण मला मोटारीत जागा पाहिजे होती. ढकलणारा म्हणून मला पुढं चाचांशेजारी घेतलं होतं.

सोलापूर स्टेशनावर जज्जसाहेब उतरले. वजनदार माणूस, अंगात सुती शेरवानी, हातात चांदीच्या मुठीची काठी. बोलायचे कमी, आणि बोलायच्या आधी ओठ असे पुढं काढायचे की आता निकाल लागणार असं वाटायचं. मी वाटेत आरशात बघून ते ओठ शिकून घेत होतो. मागं मामा त्यांना मोटारीचे गुण सांगत होता. तिच्या गाद्या, तिची खानदानी, तिची चाल. चाचांचे कान मात्र पंपाकडं. माझ्याबी कानाला सवय झालेली. इंजिनाच्या आवाजाखाली ती टिकटिक आम्हाला दोघांनाच ऐकू यायची.

घाटाच्या मध्यावर ती तुटली. टिक, टिक, मग एक अडखळलेली टिक, मग काहीच न्हाय. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मोटार आणखी थोडी चढली, दोन आचके दिले आणि थांबली. मी उडी मारून चाकाखाली दगड लावला.

सगळे खाली उतरले. जज्जसाहेब कठड्यावर रुमाल पसरून बसले. खाली सोलापूरकडचं रान उन्हात पसरलेलं, वर तुळजापूर, आणि मधी आम्ही. मामाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. गाद्या, खानदानी आणि चाल, तिन्ही जागच्या जागी उभ्या होत्या.

चाचांनी बोनेट उघडलं. घाई केली न्हाय. चावी फिरवून ठेवली, वायर सोडून ठिणगी बघितली, वायर परत लावली, पंपावर पान्यानं दोन टिचक्या मारल्या. पंप गप्प. मग ते मोटारीपासून दोन पावलं मागं सरकले, जणू आता ती त्यांची न्हाय.

मामा जवळ आला आणि हात पुढं केला. हळू आवाजात म्हणला, "चाचा, ठरलं ते ठरलं. चाव्या."

जज्जसाहेब कठड्यावरून म्हणले, "काय ठरलंय, वकीलसाहेब?"

मामाला सांगावं लागलं. जज्जसाहेबांनी ओठ पुढं काढले. उठले, काठी टेकत बोनेटपाशी आले, आत बघितलं आणि काठीच्या टोकानं दाखवून विचारलं की हे काय लटकतंय. पंपाच्या पायाशी आठवड्यापूर्वीचा लिंबू होता, वाळून सुपारीएवढा झालेला, आणि सात काळ्या मिरच्या. मामा म्हणला, ते जहागीरदारांच्या वेळचं असेल. जहागीरदार कुठल्या धर्माचे होते हे सोलापुरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. जज्जसाहेबांनाबी असावं, कारण ते नुसते मामाकडं बघत राहिले.

मग त्यांनी मला विचारलं, "याआधी बंद पडली की कशी चालू व्हायची?"

आता मला साधं उत्तर देता येत होतं. पण मला साधं उत्तर कधी जमलं न्हाय. मी शर्ट कमरेपर्यंत वर घेतला, धोतर नेसल्यासारखा, पोट आत ओढलं, नाकातून सूं केलं आणि आमच्या पुजाऱ्यांच्या आवाजात सुरू झालो. मंत्र मला येत नव्हते, म्हणून मामाच्या कैफियतीचे शब्द त्यांच्या सुरात लावले. मुद्दई, मुद्दालेह, पुढची तारीख, सगळं नाकातून. मामा डोळ्यानं मला खायला उठला होता. हातात लिंबू न्हाय, मिरच्या न्हायत. तीच जुनी तार चिमटीत धरली, उजवीकडं तीन पीळ दिले आणि धोतराची गाठ आवळल्यासारखा झटका दिला. उदो म्हणायला तोंड उघडलं तर माझ्या आधी पंपच बोलला. टिक टिक टिक.

जज्जसाहेब हसायला लागले. त्यांना वाटलं, हेबी मीच तोंडानं वाजवलं. मामालाबी तसंच वाटलं आणि तो माझ्यावर धावला. मी घाबरून तार सोडली. पंप बंद.

चाचा एकटेच हसले न्हायत. त्यांना माझी टिकटिक कुठली आणि तिची कुठली, हे कळत होतं. त्यांनी मामाला हातानं अडवलं. चाचांनी मामाला हातानं अडवलेलं मी तेवढंच एकदा बघितलं. मला म्हणले, "परत धर. तोंड बंद ठेव."

मी ओठ दाबून तार धरली आणि पिळली. टिक टिक टिक. सोडली, बंद. धरली, चालू.

चाचा वाकून त्या तारेकडं बघत राहिले. मग म्हणले, "लिंबू न्हाय, उदो न्हाय, तरी चालला. म्हणजे चालवतो तो पीळ."

त्यांनी पकडीनं तार तोडली. वाळका लिंबू दरीत गेला. खालचा स्क्रू दिसला तर त्याच्यावर हिरवा-पांढरा मोरचूद साचलेला, हळदकुंकवाचा तेलकट थर त्याच्यावर, आणि त्या सगळ्याखाली दबलेली काळी वायर. चाचांनी स्क्रू काढून जज्जसाहेबांना समजावून सांगितलं. वरच्या वायरीनं करंट पंपात येतो. पण तो परत बॅटरीला गेला तरच पंप चालतो, आणि परत जायची वाट ही काळी वायर आणि हा स्क्रू, मोटारीच्या लोखंडातून. लिंबाच्या रसानं ती वाट खाल्ली. ताजा लिंबू बांधताना पीळ बसायचा, गंज जरा घासायचा, वाट उघडायची. मग नवा रस परत खायला सुरू करायचा. मिस्त्रीच्या बाकड्यावर लिंबू नव्हता, म्हणून तिथं पंप निरोगी.

मला पोस्टातले तारमास्तर आठवले. तार गेली, पोच आली न्हाय.

चाचांनी चाकूनं स्क्रू खरवडला, वायरीचं टोक खरवडलं, लोखंडावरचा थर चमकेपर्यंत काढला आणि पान्यानं आवळून बसवलं. चावी चालूच होती. पंप न थांबता बोलला, मंद झाला, गप्प बसला. चाचांनी बोट वर केलंच नव्हतं, तरी घाटात सगळे गप्प उभे होते.

मामाचा हात अजून तसाच पुढं होता. जज्जसाहेबांनी ओठ पुढं काढले आणि म्हणले, "वकीलसाहेब, हात खाली घ्या. मुलजिम सुटला." मग म्हणले, "जहागीरदारांवर मात्र खटला भरायला हवा."

तुळजापूरला पोचलो तर पुजारी ताजा लिंबू घेऊन उभेच. त्यांनी बोनेट उघडायला सांगितलं. मामा जज्जसाहेबांकडं बघत होता, जज्जसाहेब कळसाकडं बघत होते. खरं सांगावं तर पिढीजात पुजारी दुखावणार. न सांगावं तर परत तोच स्क्रू. मामाची जीभ उर्दूतबी चालेना आणि मराठीतबी.

चाचा अदबीनं पुढं झाले. पुजाऱ्यांना म्हणले, "महाराज, घाटात हिचा जीव जागा बदलून बसला. आता पुढं आलाय." आणि बंपरकडं बोट दाखवलं. पुजाऱ्यांनी बंपरला हात लावून बघितला. इंजिन चालू होतं, बंपर थरथरत होता. त्यांची खात्री पटली. त्यांनी तिथंच लिंबू-मिरच्या बांधल्या, तीन पीळ, एक झटका. रस पिळला तो रस्त्यावर गेला.

त्यानंतर ती मोटार कितीतरी वर्षं पंपासाठी थांबली न्हाय. पुजारी सांगायचे, जीवाची खरी जागा त्यांनीच हुडकली. मामा बार रूममध्ये सांगायचा, सरजमीनवर, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, जाऊन जज्जसाहेबांसमोर त्यानंच शहानिशा केली. मामींनी लिंबू घ्यायचं कमी केलं न्हाय, फक्त आता ते बंपरवर जायचे. रोलरवाला पोरगा रोलरवरच राहिला.

पण मामाला एक खोड लागली. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो माझी वाट बघत मोटारीपाशी उभा होता. इकडंतिकडं बघून हळूच म्हणला, "भाच्या, चावी लावायच्या आधी ते तुझं पुजाऱ्याचं जरा करून टाक. कशाला उगीच धोका."

मी पोट आत घेतलं, नाकातून सूं करणार तेवढ्यात चाचांनी आतून बोट वर केलं. मामा गप्प झाला, मीबी गप्प झालो, ओट्यावर मामी गप्प झाल्या. चाचांनी चावी फिरवली. टिकटिक सुरू झाली, मंद झाली, थांबली.

"पी ली," चाचा म्हणले, आणि चाव्यांचा जुडगा नीट बोटात घालून घेतला.